घरी कोण असतं?

पॅरालिसिस झालेलं माणूस घरी सांभाळायचं म्हणजे नेमकं काय काय काम असतं हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हे लिहितेय. ज्यांच्या घरी असं पेशंट आहे त्यांना यातलं बरंचसं पाठ असेल. पण ज्यांना वाटतं "घरीच तर असतात, काय एवढं", त्यांनी जरूर शेवटपर्यंत वाचा.

आमच्या आत्यांना, म्हणजे माझ्या सासूबाईंना (आमच्या सांगलीकडं सासूला बऱ्याच घरांत आत्याच म्हणतात), स्ट्रोक आला. उजवी बाजू पूर्ण गेली आणि वाचा पण गेली. मिरजेला ॲडमिट केलं, आधी आयसीयू, मग वॉर्ड, मग डिस्चार्ज. ट्रीटमेंट चांगली झाली, जीव वाचला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली चार ओळी होत्या, दर दोन तासांनी कूस बदलणे, दर तीन तासांनी नाकातल्या नळीतून फीड, तोंडाची स्वच्छता, रोज फिजिओथेरपी. वाचायला दहा सेकंद लागत नाहीत. आता दर दोन तासांनी म्हणजे रात्री पण ना. रात्री बारा, दोन, चार, सहा. हे कोण करणार ते कार्डावर कुठंच नसतं. कार्ड हातात देताना सिस्टरनी विचारलं, "घरी कोण असतं?" आणि सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी तेव्हा एका पतसंस्थेत नोकरीला होते, सकाळी दहाला जायचे ते संध्याकाळी यायचे, खरं तर घरी दिवसभर कोणीच नसायचं. तरी सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं.

ह्या सिस्टर केरळच्या होत्या, त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी त्यांनी मला बेडजवळ उभं करून सगळं हातानं करायला लावलं. नळीतून भरवायच्या आधी सिरिंजनं ओढून बघायचं, नळी पोटातच आहे ना. डोक्याकडची बाजू वर करायची, एका वेळी २०० मिली, हळूहळू, जोरात ढकलायचं नाही, नंतर साधं पाणी सोडून नळी धुवायची आणि अर्धा तास तरी तसंच बसवून ठेवायचं, लगेच आडवं केलं तर उलटून छातीत जायची भीती असते. पंख्याखाली ओल्या अंगानं ठेवायचं नाही. आणि लुळा पडलेला हात धरून कधीच ओढायचं नाही, खांदा निसटतो, उठवताना कमरेला आणि पाठीला आधार द्यायचा. हे त्यांनी मला तीनतीनदा सांगितलं कारण भेटायला येणारा प्रत्येक माणूस मायेनं तोच हात धरून उठवायला जातो.

मग घरी तो हिशोब झाला जो मला वाटतं बहुतेक घरांत होतो. पेशंट सांभाळायला बायका पुरवणाऱ्या ब्युरोची चोवीस तासांची बाई ठेवायची तर महिना २०,००० च्या आसपास, माझा पगार १७,०००. वीस घालवून सतरा आणण्यात काय अर्थ आहे, असं सगळ्यांचं मत पडलं आणि वरवर बघितलं तर ते बरोबरच वाटतं. पण मला आजही हा प्रश्न पडतो की त्या वीस हजारांसमोर एकट्या माझाच पगार का मांडला? आई तीन भावंडांची. आमचे हे कुपवाड एमआयडीसीत आहेत, भावजी पुण्याला आयटीत, वन्सं कोल्हापूरला. तिघांच्या उत्पन्नात वीस हजार वाटले असते तर प्रत्येकाला किती आले असते? ते कुणी मांडूनच बघितलं नाही. आणि दुसरं म्हणजे, बाईनं केलं असतं तर जे काम महिना वीस हजारांचं होतं ते मी करायला लागल्याबरोबर फुकट झालं. काम तेच, तास तेवढेच, उलट बाईला सुट्टी असते.

रजेचं पण विचारून बघितलं होतं मी. आमचे मॅनेजर माणूस म्हणून चांगले, पण नियमातच बसत नाही म्हणाले. बाळंतपणाला कायद्यानं २६ आठवडे मिळतात, केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना मुलांच्या संगोपनासाठी पूर्ण नोकरीत ७३० दिवस मिळतात, आणि ते मिळायलाच पाहिजेत. पण अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसासाठी आमच्यासारख्या नोकरीत काही म्हणजे काही नाही. शिल्लक रजा संपली, बिनपगारी पण संपली, मग राजीनामा. पीएफ भरणं थांबलं, ऑफिसचा ग्रुप मेडिक्लेम होता तो गेला. नोकरी सोडल्यावर पगार जातो एवढंच लोकांना दिसतं, बाकीचं हळूहळू कळतं.

आता प्रत्यक्ष कामाबद्दल. कूस बदलणं म्हणजे ढकलणं नव्हे. पाठीखाली खांद्यापासून मांडीपर्यंत एक आडवी दुहेरी चादर घालून ठेवायची, ती धरून पेशंटला आपल्याकडं सरकवायचं आणि मग वळवायचं, म्हणजे कातडी घासत नाही. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी, पाठीमागं उशी, टाचा गादीला टेकू द्यायच्या नाहीत, पोटरीखाली घडी घालून त्या अधांतरी ठेवायच्या. वळवलं की माकडहाडावर आणि खुब्यावर बघायचं, लाल दिसतंय का, दिसलं तर बोटानं दाबायचं, दाबल्यावर पांढरं झालं तर ठीक, लालच राहिलं तर बेडसोरची, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमेची, सुरुवात समजायची आणि त्या बाजूवर झोपवायचंच नाही. एअर बेड आणला म्हणून हे सगळं सुटत नाही, दुकानदार काहीही सांगू दे. आत्यांना एकही बेडसोर झाला नाही. हे मी अभिमानानं सांगते कारण फिजिओथेरपीवाले डॉक्टर पहिल्यांदा पाठ बघून म्हणाले होते की घरी सांभाळलेल्या पेशंटची अशी पाठ फार कमी बघायला मिळते. बाकी पाहुण्यांपैकी कुणाला ते कळायचं कारणच नव्हतं, जे झालंच नाही ते दिसणार कसं.

नळी काढल्यानंतर तोंडानं भरवायला सुरुवात केली, ते तर त्याहून नाजूक काम. पूर्ण ताठ बसवायचं, हनुवटी थोडी छातीकडं, घास चांगल्या बाजूच्या गालात द्यायचा. पाणी पातळ असतं म्हणून सगळ्यात जास्त ठसका पाण्यानंच लागतो, म्हणून आधी दाट पेज, मऊ भात, कुस्करलेलं केळं. जेवण झाल्यावर लुळ्या बाजूच्या गालात बोट घालून बघायचं, तिथं हमखास भात राहिलेला असतो आणि त्यांना त्याची जाणीव नसते. एका जेवणाला पाऊण तास जायचा. घाई केली की ठसका, ठसका लागला की त्या घाबरून तोंडच मिटून घ्यायच्या.

आणि डायपर. याबद्दल लोक बोलत नाहीत. आत्या म्हणजे सुनेसमोर कधी डोक्यावरचा पदर ढळू न देणारी बाई. पहिल्यांदा मी डायपर बदलायला लागले तेव्हा त्या डाव्या हातानं, तेवढाच चालत होता, चादर घट्ट धरून ठेवायच्या आणि डोळ्यातून पाणी वाहत असायचं. बोलता तर येत नव्हतं. मग मी ठरवलं की दार लावल्याशिवाय हात लावायचा नाही आणि काहीही करायच्या आधी सांगायचं, "आत्या, आता पुसून घेते हं, आता कुशीवर घेते." अर्धं अंग नेहमी झाकलेलं ठेवायचं. काही दिवसांनी त्यांनी स्वतःहून चादर सोडली. हे कुठल्या कार्डावर नव्हतं, हे मला सिस्टरनी पण सांगितलेलं नव्हतं. लोक म्हणतात बायकांना हे उपजतच येतं. मला नव्हतं येत. मी शिकले, रोज बघून, विचार करून शिकले, आणि कुठलाही पुरुष ते तसंच शिकू शकतो.

बोलणं गेलं होतं पण एकच शब्द उरला होता, "चला". भूक लागली तरी चला, दुखलं तरी चला. कुठला चला कशाचा हे सुरावरून आणि भुवयांवरून ओळखायचं. संध्याकाळी भजन लावलं की मात्र त्या ओळी स्पष्ट म्हणायच्या, सुरात. स्ट्रोकमध्ये असं होतं म्हणे, बोलता येत नाही पण पाठ असलेलं गाता येतं. भेटायला आलेल्यांना वाटायचं नाटक करतात की काय, मी प्रत्येकाला समजावून सांगायचे.

मध्ये माझीच कंबर धरली तेव्हा दिवसाची बारा तासांची मावशी ठेवली. दिवसाला ६०० रुपये, त्यातले काही ब्युरो कापून घ्यायचं. ब्युरोच्या भाषेत त्या "अनट्रेंड". सांगते तुम्हाला, त्या अनट्रेंड मावशींनी मला एकटीनं पेशंटला खुर्चीत बसवायचं कसं ते शिकवलं, खुर्ची नेहमी चांगल्या बाजूला लावायची, आपला गुडघा त्यांच्या गुडघ्याला टेकवून अडवायचा आणि मग एका दमात फिरवायचं. पंधरा वर्षं त्या हेच करतायत. कागद नाही म्हणून अनट्रेंड, म्हणून पगार कमी. शिवाय आमच्याच नात्यातल्या एकीनं मला सुचवलं की पेशंट झोपलेलं असताना मावशींना भांडी द्यायची घासायला, बसूनच तर असतात. मी स्पष्ट नाही म्हणाले. झोपलेल्या पेशंटजवळ बसणं हेच काम आहे, श्वास बदलला, घरघर लागली तर ते ऐकायला कोणीतरी जागं लागतं.

मावशी जत तालुक्यातल्या, इथं खोली घेऊन राहायच्या. त्यांच्या गावी त्यांची आई आजारी, शुगरनं पाय गेलेला. तिचं कोण करतं विचारलं तर म्हणाल्या थोरली पोरगी, दहावीला शाळा सोडली तिनं. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. म्हणजे मी मोकळी व्हावी म्हणून मावशी आल्या आणि मावशींना येता यावं म्हणून ती पोरगी घरी बसली. मावशींना निदान सहाशे मिळतात, माझ्या कामाचं निदान नाव तरी निघतं नातेवाईकांत. त्या पोरीचं काय?

सहा महिन्यांनी दिव्यांग सर्टिफिकेटचं काम काढलं. ऑनलाइन अर्ज, आधार, फोटो, सगळे रिपोर्ट, मग तपासणीला नेणं. आत्यांना गाडीतून उतरवणं अवघड होतं, डॉक्टर स्वतः खाली येऊन गाडीतच तपासून गेले, असे पण लोक असतात. ८० टक्क्यांच्या वर दिलं, पण तात्पुरतं, काही वर्षांनी परत तपासणी. त्या सर्टिफिकेटवर ह्यांना आयकरात जुन्या कररचनेत ८०डीडी कलमाखाली १,२५,००० ची वजावट मिळाली. चांगलं झालं, पैसे वाचले, औषधालाच गेले. पण बघा, आईला सांभाळण्याबद्दल सरकारनं जी सवलत दिली ती ज्याला पगार आहे त्याला मिळाली. जिनं सांभाळण्यासाठी पगार सोडला तिला उत्पन्नच नाही तर वजावट कशातून? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी केअरगिव्हर भत्त्याचा उल्लेख आहे. आमच्यापर्यंत तो कधी आला नाही. त्या केरळच्या सिस्टर म्हणाल्या होत्या की त्यांच्याकडं आश्वासकिरणम् नावाची योजना आहे, अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्याला महिना ६०० रुपये. सहाशे रुपये म्हणजे इथं मावशींचा एक दिवस. तरी पण मला त्यात हे आवडलं की ते पैसे सांभाळणाऱ्या माणसासाठी म्हणून आहेत, पेशंटसाठी नाही, पगारदारासाठी नाही.

वन्संचे मिस्टर वकील आहेत. ते एकदा बोलता बोलता म्हणाले की कोर्टानं गृहिणीच्या कामाचं मोल कधीच मान्य केलंय. १९८९ ची जमशेदपूरची आग, त्यात गेलेल्या लोकांच्या भरपाईचा लता वाधवा खटला, त्यात २००१ मध्ये सुप्रीम कोर्टानं गृहिणींच्या सेवेचं मोल महिना ३,००० रुपये धरलं. परत जानेवारी २०२१ मध्ये कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्समध्ये कोर्टानं बजावून सांगितलं की घरचं काम करणाऱ्या बाईचं उत्पन्न धरायचंच. मी त्यांना म्हटलं, भाऊजी हे सगळं बाई अपघातात गेल्यावर. जिवंत असताना कुठल्या कागदावर येतं? त्यांच्याकडं उत्तर नव्हतं, आणि ते प्रामाणिकपणे नाही म्हणाले. जनगणनेच्या भाषेत तर फक्त घरचं काम करणारी बाई काम न करणाऱ्यांतच मोजली जाते.

२०१९ साली सरकारनं लोकांचा वेळ कुठं जातो याचा मोठा सर्व्हे केला होता. घरातल्या माणसांची काळजी घेण्यात, जे घेतात त्यांच्यापैकी, बायकांचे दिवसाला सरासरी १३४ मिनिटं आणि पुरुषांचे ७६ मिनिटं, आणि घरकामात बायकांचे २९९ आणि पुरुषांचे ९७. हे आकडे वाचून बरं वाटलं की निदान मोजलं तरी. पण त्यात दिवस अर्ध्या अर्ध्या तासाच्या रकान्यांत मांडतात. माझा अर्धा तास असा असायचा की एका हातात सिरिंज, गॅसवर कुकर, दारात डायपरवाला, आणि कान आतल्या खोलीकडं. कान देऊन बसणं कुठल्या रकान्यात लिहिणार? रात्री दोनला उठून कूस बदलून परत झोप लागेपर्यंतचा वेळ झोपेत धरायचा की कामात?

मी पतसंस्थेत जमाखर्च लिहिलेली बाई, म्हणून मी घरी पण वही ठेवली होती. औषधं, डायपर, अंडरपॅड, फिजिओ, मावशी, गाडी. मग एका महिन्यापासून मी त्यात माझी पण ओळ लिहायला सुरुवात केली, ब्युरोच्या दरानं, रात्रीच्या तासांसकट. दिवाळीला सगळे जमले तेव्हा "वहिनी आहेत म्हणून आम्ही निर्धास्त आहोत" असं भावजी म्हणाले, मनापासूनच म्हणाले, आणि मी वही पुढं ठेवली. सुरुवातीला सगळ्यांना ते आवडलं नाही. आईच्या सेवेचे पैसे लावतेस का, असं पण आलं. मी म्हटलं पैसे मागत नाहीये, पण खर्च किती होतोय आणि कोण कोण करतंय हे सगळ्यांनी एकदा बघा. सेवा म्हणायचं असेल तर सगळ्यांनी करा, खर्च म्हणायचं असेल तर सगळ्यांनी वाटून घ्या. आत्या माझ्या आहेतच, मला त्यांचं करायचा कंटाळा नाही, बारा वर्षांपूर्वी माझ्या बाळंतपणात त्यांनी पण माझं असंच केलं होतं. प्रश्न मायेचा नव्हताच.

त्या रात्री वाद झाले, दुसऱ्या दिवशी पण झाले. वन्संच्या घरी त्यांच्या स्वतःच्या सासूबाई आजारी, त्यांना जास्त काही जमण्यासारखं नव्हतं, मी त्यांना दोष देत नाही. आमचे हे मात्र त्या दिवसापासून शनिवार रविवारच्या रात्री स्वतः उठतात. पहिल्यांदा डायपर बदलताना त्यांचे हात कापत होते, आता सवयीचं झालंय. भावजी मावशींचा पूर्ण पगार देतात आणि मधून मधून आठवडाभर लॅपटॉप घेऊन इथं येऊन राहतात. पहिल्या वेळी तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ते स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, वहिनी, यात मीटिंग कधी घ्यायची, तुम्ही जेवता कधी? मी म्हटलं उभ्यानं.

मी आता मार्केट यार्डात एका हळदीच्या व्यापाऱ्याकडं दुपारपर्यंत टॅलीवर हिशोबाचं काम बघते. मुलाखतीला गेले तेव्हा विचारलं होतं, मधली दोन-तीन वर्षं काय करत होता, "घरीच होता का?" मी सांगितलं, पूर्णवेळ पॅरालिसिसचं पेशंट सांभाळत होते, औषधांच्या वेळा, तीन माणसांच्या पाळ्या, खर्चाचा ताळमेळ, सगळं एकटीनं बघितलं. पगार आधीपेक्षा कमीच आहे. पण पीएफ परत सुरू झाला.

आत्या आता आधारानं खुर्चीत बसतात, चमच्यानं स्वतः खातात, डाव्या हातानं. सर्टिफिकेटची मुदत पुढच्या महिन्यात संपतेय, परत तपासणीला न्यायचं आहे. यावेळी ते काम भावजींकडं दिलंय. त्यांना लिस्ट पाठवली आहे, जुनं सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र), आधार, स्ट्रोकच्या वेळचा स्कॅन आणि डिस्चार्ज कार्ड, आत्ताचा फिजिओचा रिपोर्ट, झेरॉक्सचे दोन सेट, गाडीत दोन उशा, अंडरपॅड, पाणी आणि दाट पेज. आणि खाली लिहिलंय, उजवा हात धरून उतरवू नका.